हिर्श की मेर्टन? धातुव्यापाराच्या इतिहासात शिरायचं तर कुठल्या दाराने

जर्मनीतल्या ज्यू घराण्यांनी तांबं-जस्ताचा व्यापार जगभर कसा नेला, हे एकाच घराण्याच्या आधारे समजून घ्यायचं असेल, तर हाल्बरश्टाटचे हिर्श आणि फ्रँकफुर्टचे मेर्टन ही दोन नावं पुढे येतातच. मी दोन्हीकडे डोकावलो आणि हिर्शांपाशी रमलो.

आवाका मेर्टनांचा मोठा, यात वाद नाही. विल्हेल्म मेर्टन यांची धातुव्यापार कंपनी मेटालगेझेलशाफ्ट 1881 ची. 1887 मध्ये न्यूयॉर्कला अमेरिकन मेटल कंपनी निघाली. लंडनची पेढी भाऊ हेन्रींकडे होतीच. फ्रँकफुर्ट विद्यापीठाच्या स्थापनेतही विल्हेल्म यांचा मोठा वाटा. पण मला वैताग आला तो कंपन्यांच्या जंजाळाचा. कुठलाही व्यवहार उलगडायला घ्या, मध्येच मेटालुर्गिशे गेझेलशाफ्ट येते, मग बर्ग उंड मेटालबांक येते, आणि एकीचे शेअर दुसरीकडे. वहीत बाण काढून काढून पान काळं झालं, तरी निर्णय नक्की कोणाचा हे हाती लागेना. माणसं शोधायला बसावं आणि भागभांडवल वाचत राहावं, असं झालं. वित्तव्यवहाराची आवड असणाऱ्यांना कदाचित हेच भावेल.

हिर्शांकडे धागा सुटत नाही. 1805 मध्ये आरोन हिर्श यांनी पेढी काढली, 1863 मध्ये घराण्याने बर्लिनजवळ एबर्सवाल्डचा पितळ कारखाना घेतला. धातू विकणारे आणि घडवणारे एकाच घरातले, शिवाय धर्मनिष्ठ ऑर्थोडॉक्स. हाल्बरश्टाटच्या ज्यू समाजाशी त्यांचं नातं पिढ्यान्‌पिढ्या टिकलं. 1914 च्या युद्धाने हिर्शांचे ऑस्ट्रेलियाच्या जस्ताचे करार तुटले, तो फटका मेर्टनांनाही बसला.

आणि हिर्शांचं काम आजही पाहता येतं. एबर्सवाल्डचाच भाग असलेल्या फिनोच्या कामगार वसाहतीत, कारखान्यात भाग बनवून जागेवर जोडलेली तांब्याची घरं उभी आहेत: बाहेरून तांब्याचा पत्रा, आतल्या भिंतींना नक्षी ठोकलेला पोलादी पत्रा. या घरांच्या सुधारणेत 1931-32 च्या सुमारास वास्तुरचनाकार वाल्टर ग्रोपिउस यांचा हात होता. घराण्याच्या हातून कारखाना गेल्यावर, 1933 नंतर, अशीच काही घरं पॅलेस्टाईनला निघालेल्या ज्यू कुटुंबांसोबत हैफापर्यंत गेली.

बर्लिनहून एबर्सवाल्डला रेल्वेने सहज जाता येतं, पुढे ट्रॉलीबस आहे. वेळ एकाच ठिकाणासाठी असेल तर, माझं मत विचाराल तर, आधी फिनो गाठा; हाल्बरश्टाटचं ज्यू इतिहासाचं बेरेंड लेमान संग्रहालय त्यानंतर.