नवी खुर्ची न घेता जुनीच बदलली: काही महिन्यांच्या वापरानंतर

‘वॉरंटी सांगाड्याला आहे, हलणाऱ्या भागांना नाही,’ असं सर्व्हिस सेंटरवाल्याने फोनवर ऐकवलं, तेव्हाच या लोकांना आता एक पैसा द्यायचा नाही हे ठरलं. ऑफिसच्या खुर्चीत बिघडतं काय, तर हलणारे भागच. सांगाड्याला काय धाड भरणार आहे! तक्रार साधी होती: बसलं की खुर्ची हळूहळू खाली जायची, दुपारपर्यंत टेबल छातीला लागायचं. म्हणजे गॅस लिफ्टचं, खुर्ची वर-खाली करणाऱ्या गॅसच्या सिलिंडरचं, सील गेलेलं. पण यांचं म्हणणं, सिलिंडर सुटा मिळत नाही, खालचा अख्खा संच बदला. त्याची किंमत नव्या खुर्चीच्या निम्म्याहून जास्त.

सिलिंडर सुटा मिळतो. बहुतेक ऑफिस खुर्च्यांत माप एकच असतं: वरचं निमुळतं टोक साधारण २८ मिलिमीटर, बेसमध्ये, म्हणजे चाकं लावलेल्या खालच्या पायांत, जाणारा भाग ५० मिलिमीटर. स्क्रू नाही, काही नाही, नुसता घट्ट बसलेला असतो. बेस रबरी हातोडीने ठोकून निघाला, वरच्या टोकाला पाइप पाना लावून पिळावं लागलं. जुना सिलिंडर मात्र कापू नका, तापवू नका. आत जबर दाबाखाली नायट्रोजन असतो. चाकांबद्दल एवढंच: फरशी असेल तर मऊ रबरी कडेची घ्या, गालिच्याला कडक. विषय संपला.

उघडलीच आहे तर पाठीचंही बघू म्हटलं, आणि इथून पुढे मी जे सांगणार आहे ते सगळं खुर्चीच्या सीटबद्दल, बैठक पुढून मागे किती खोल आहे त्याबद्दल आहे. कंटाळा आला तरी वाचा. खुर्चीच्या जाहिरातीत लंबर सपोर्ट (कमरेचा टेकू), हेडरेस्ट, जाळी असं सगळं असतं. बैठक पुढून मागे किती लांब आहे हे कुणी ठळक छापत नाही. पाठ टेकून बसल्यावर बैठकीची पुढची कड आणि गुडघ्यामागची लवण यांच्यात दोन-तीन बोटं जागा हवी. माझ्या खुर्चीत बोटसुद्धा जात नव्हतं. मागे सरकून बसलं की कड गुडघ्यामागे रुतते, पाय मुंग्या येऊन जड होतात, म्हणून माणूस आपोआप पुढे सरकतो. पुढे सरकला की पाठ हवेत. मग तो लंबर सपोर्ट कुणासाठी, भिंतीसाठी? कंबर दुखते म्हणून लोक उशा विकत घेतात आणि पाठीमागचा खड्डा भरतात. उशीने तेवढ्यापुरतं भागतं, पण ती सारखी घसरते. मूळ दुखणं बैठकीचंच.

हर्मन मिलर या अमेरिकन कंपनीची एरॉन ही ऑफिस खुर्ची १९९४ साली आली ती ए, बी, सी अशा तीन मापांत. २०१६ साली तिची नवी आवृत्ती काढली तेव्हाही मापं तीनच ठेवली. शर्टाला मापं असतात, चपलेला असतात. बाकी बहुतेक कंपन्या मात्र बुटक्यापासून सहाफुटीपर्यंत सगळ्यांना एकच खुर्ची विकतात.

उपाय काय केला: पाठ ज्या वाकड्या लोखंडी पट्टीवर उभी असते, ती बैठकीखाली बोल्टने कसलेली असते. त्या पट्टीत नवी भोकं पाडून पाठ चार सेंटिमीटर पुढे आणली. भोकं जुन्यांपासून पुरेशी लांब पाडा, नाहीतर पट्टी तिथेच तुटेल. पट्टीला भेग किंवा गंज असेल तर या वाटेला जाऊच नका.

बैठकीचा फोम बदलून कडक टाकला आणि पुढची कड खाली गोल उतरती करून घेतली. सुरुवातीला फळीवर बसल्यासारखं वाटलं, पैसे पाण्यात गेले म्हणून चिडचिडही झाली. आता मत उलटं आहे. मऊ फोम दुकानात छान लागतो, पण संध्याकाळपर्यंत दबून मांडीखालची प्लाय टोचायला लागते. कडक फोमवर ते होत नाही.

टिल्टचं लॉक, म्हणजे पाठ मागे झुकू न देणारी खिट्टी, तीही आता उघडीच ठेवतो. ताठ नव्वद अंशांत बसा, हा उपदेश सगळीकडे ऐकू येतो. पण अस्थिरोगतज्ज्ञ आल्फ नाकेमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वीडनमध्ये मणक्यांमधल्या चकतीतला दाब थेट सुई घालून मोजला होता, आणि त्यात पाठीला टेकू देऊन थोडं मागे रेललं की दाब कमी होतो असं दिसलं. फक्त त्यासाठी पाठ टेकूला लागली पाहिजे, म्हणजे गाडी पुन्हा बैठक किती खोल आहे यावरच आली.

खुर्चीच्या हातांबद्दल समाधान नाही. सगळ्यात खाली आणूनही खांदे वर ढकलले जातात, म्हणून काढून ठेवले. टायपिंगला त्रास नाही, पण फोनवर लांब बोलताना त्यांची आठवण येते. हेडरेस्ट काढलं त्याचं काहीच वाटलं नाही.

कंबर आता संध्याकाळी पूर्वीसारखी धरत नाही. रेलताना पट्टीचे बोल्ट अधूनमधून सैल होतात आणि खुर्ची करकरते. साध्या वॉशरऐवजी स्प्रिंग वॉशर घातल्यापासून बरंच कमी झालंय. तरी ॲलन की टेबलाच्या खणातच ठेवा.