मतदार यादीतील नाव : पाटणला ठेवावे की बेलापूरला आणावे?

घर नेरूळमध्ये आणि गाव पाटण तालुक्यात, अशा माझ्यासारख्या अनेकांपुढे हा प्रश्न दर निवडणुकीच्या आधी उभा राहतो. दोन्हीकडे नाव ठेवण्याचा सल्ला काही जण देतात. परंतु १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १७ नुसार एकाहून अधिक मतदारसंघांत नाव नोंदवता येत नाही, त्यामुळे निवड एकाचीच करावी लागते. मी बरीच वर्षे गावी मतदान केले आणि नंतर नाव बेलापूरला, म्हणजे नेरूळ ज्या विधानसभा मतदारसंघात येते तिथे, आणले.

पाटणची ओढ मी नाकारत नाही. देसाई आणि पाटणकर या दोन घराण्यांतील लढत तिथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे, आणि कोणत्या वाडीचा रस्ता कोणाच्या काळात झाला हे गावातील शाळकरी मुलालाही ठाऊक असते. शिवाय ग्रामपंचायतीची मतदार यादी विधानसभेच्या यादीवरूनच तयार होत असल्याने नाव हलवले की सरपंच निवडण्याचा अधिकारही जातो. हे नुकसान खरे आहे. नाव काढल्यास सातबाऱ्यावर परिणाम होईल ही भीती मात्र निराधार आहे. मतदार यादीचा आणि जमिनीच्या नोंदीचा काहीही संबंध नाही.

२०२४ मध्ये लोकसभेसाठी पाटण ज्यात येते त्या साताऱ्यात ७ मे रोजी आणि बेलापूर ज्यात येते त्या ठाण्यात २० मे रोजी मतदान झाले, विधानसभेसाठी मात्र दोन्हीकडे २० नोव्हेंबर हीच तारीख होती. गावी जायचे तर एका मतासाठी रात्रीचा प्रवास ठरलेला. उमेदवाराने मतदारांना नेण्यासाठी गाड्या ठरवणे हे कायद्याने भ्रष्ट आचरण ठरते, म्हणून मी एसटीनेच जात असे.

तरीही माझा निर्णय प्रवासाने झाला नाही. आमची इमारत सिडकोच्या, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळाच्या, भाडेपट्ट्यावरील जमिनीवर उभी आहे. छत गळू लागल्यावर पुनर्विकासाचे निवेदन घेऊन आम्ही काही रहिवासी एका लोकप्रतिनिधींच्या कार्यालयात गेलो. तेथील कार्यकर्त्याने निवेदनावरील सह्या शांतपणे मतदार यादीशी ताडून पाहिल्या आणि त्यांतील निम्म्याहून अधिक नावे यादीत नसल्याचे दाखवले. तो उद्धटपणे वागला नाही, पण त्यानंतर आमचे बोलणे फार वेळ चालले नाही. सिडको नगरविकास विभागाच्या अखत्यारीत येते आणि तिच्याविषयीचा प्रश्न सभागृहात विचारला जावा असे वाटत असेल, तर तो इथल्याच आमदारांकडे न्यावा लागतो. पाटणच्या आमदारांकडे तो मी कोणत्या तोंडाने नेणार होतो? घरी परतताना हीच गोष्ट मला फार लागली.

त्यातच २०२४ मध्ये बेलापूरला मंदा म्हात्रे केवळ ३७७ मतांनी निवडून आल्या. आमच्या परिसरातील दोन-चार सोसायट्यांमधील गावाकडची नावे मोजली, तरी बहुधा तेवढी भरतील.

ज्यांचे आईवडील गावी आहेत, जे वर्षातील बरेच महिने तिथेच राहतात किंवा ज्यांना ग्रामपंचायत लढवायची आहे, त्यांनी नाव तिथेच ठेवणे कदाचित योग्य ठरेल. मात्र केवळ घर मालकीचे आहे एवढ्यावरून कोणी तिथला सर्वसाधारण रहिवासी ठरत नाही, असे त्याच कायद्याचे कलम २० सांगते, आणि माझे गावचे घर तर वर्षातून जेमतेम पंधरा दिवस उघडे असते. स्थलांतरासाठी नमुना ८ भरावा लागतो, सोबत इथल्या पत्त्याचा पुरावा जोडावा लागतो. माझ्या पत्नीचा अर्जही मी त्याच दिवशी भरला.