दोन दिवसांची परिषद की महिन्याची बैठक? बेळगावातल्या अभियंता संस्थांच्या नव्या अध्यक्षांसाठी

अध्यक्षपदाची माळ गळ्यात पडली की पहिल्याच कार्यकारिणीत कुणीतरी म्हणतंच, "यंदा एक नॅशनल कॉन्फरन्स घेऊया की!" सगळे माना डोलावतात, कारण नको म्हणून वाईट कोण होणार? मग दोघे हॉल बघायला, तिघे प्रायोजक गाठायला, आणि पुढचे सहा-आठ महिने संस्थेच्या इथल्या शाखेचं बाकीचं काम बंद. दुसऱ्या बाजूला महिन्यातून एकदा संध्याकाळी जमणाऱ्या शाखा असतात. त्यांचा फोटो पेपरात येत नाही, पण वर्गणीसाठी कुणाच्या दारात जावं लागत नाही. तुमच्यापुढे यंदा हाच प्रश्न असेल तर दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून बघा. माझं पारडं कुठं झुकतं ते वाचता वाचता कळेलच.

आपल्या गावचे सभासद कोण, इथूनच सुरुवात केलेली बरी. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 मध्ये सायकलींचं दुकान काढलं ते बेळगावात, आणि लोखंडी नांगरही आधी इथंच घडवला. 1910 मध्ये ते कुंडलला गेले, पण लोखंडाचा नाद गावाला लागला तो लागलाच. आज उद्यमबाग, मच्छे, होनगा या पट्ट्यात फाउंड्र्या म्हणजे ओतकामाचे कारखाने आणि मशीन शॉप आहेत, हत्तरगीला विमानांचे सुटे भाग होतात. गोगटे इन्स्टिट्यूट हे अभियांत्रिकी कॉलेज 1979 पासून आहे, विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचं मुख्यालय 1998 पासून. त्यामुळे एकाच शाखेच्या यादीत फाउंड्रीचा मालक, पीएचडी झालेला प्राध्यापक, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले साहेब आणि आरसीसी डिझाइन करणारा सल्लागार असे चौघे सापडतात. चौघांनाही अभियंता म्हणायचं, पण चौघांची दुखणी वेगळी.

मोठ्या परिषदेचा मोह का होतो, तेही समजून घ्या. इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स 1920 ची, तिला 1935 मध्ये रॉयल चार्टर मिळालं. इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन फाउंड्रीमेन 1950 ची. दोन्हींची मुख्यालयं कोलकात्यात. तिथं बसलेल्यांना बेळगावची शाखा दिसते ती वार्षिक अहवालातून, आणि अहवालात परिषद कशी उठून दिसते! बारा बैठका एका ओळीत संपतात. अध्यक्षाची मुदत एक-दोन वर्षांची, तेवढ्यात "आमच्या काळात हे झालं" म्हणायला काहीतरी हवंच.

परिषद काय देते

परिषदेला नावं ठेवण्यात अर्थ नाही. कोल्हापूर, हुबळी, सांगलीचे लोक एका छताखाली येतात. भट्टीवाले, बाइंडरवाले (साच्याची वाळू बांधून ठेवणारं रसायन विकणारे), सॉफ्टवेअरवाले स्टॉल लावतात, आणि छोट्या फाउंड्रीच्या मालकाला एरवी दहा फोन करून जे कळत नाही ते चहाच्या कपाबरोबर कळतं. पहिल्यांदाच माईकपुढे उभ्या राहिलेल्या तरुण अभियंत्याला ते व्यासपीठ जन्मभर पुरतं. हिशेब नीट ठेवला तर चार पैसे शिल्लक राहून शाखेची ठेवही होते.

पण दिवस कसा जातो ते बघा. दीपप्रज्वलन, नाडगीत म्हणजे कर्नाटकाचं राज्यगीत, स्वागत, पाहुण्यांची ओळख, मग सत्कार. सत्काराला म्हैसूर पेटा की कोल्हापुरी फेटा, यावर कार्यकारिणीत आधीच अर्धा तास गेलेला असतो. बीजभाषण पावणेबाराला सुरू होतं, एक वाजता जेवण, आणि पहिलं खरं तांत्रिक सत्र पडतं ते जेवणानंतर. तोपर्यंत फाउंड्रीचा मालक उद्घाटनाला तोंड दाखवून, चार ओळखीच्यांना नमस्कार करून परत गेलेला असतो, कारण दुपारी हीट, म्हणजे भट्टीत धातू वितळवायची खेप, लागलेली असते. मागच्या रांगा भरतात त्या कॉलेजच्या मुलांनी. खुर्च्या भरल्या म्हणून फोटो चांगला येतो, पण त्यात सभासद किती, ते मोजायला कुणी जात नाही.

दुसरी अडचण शोधनिबंधांची. प्राध्यापकाला प्रकाशन हवं असतं, बढतीला आणि कॉलेजच्या मूल्यांकनाला ते मोजलं जातं. कारखानदाराला रिजेक्शन, म्हणजे वाया जाणारा माल, कमी व्हायला हवं असतं. निबंध मागवले की येतात ते बहुतेक एमटेकच्या प्रबंधाचे तुकडे. ते वाचायला बसलेल्या कारखानदाराला आपलं काही सापडत नाही, आणि ज्याच्याकडे सांगण्यासारखं आहे तो मोल्डिंगचा, म्हणजे वाळूचे साचे करणारा, सुपरवायझर निबंध लिहीत नाही. निबंध मागवणं, सारांश तपासणं, परीक्षकांकडे पाठवणं, दुरुस्त्या, छपाई यात सात-आठ महिने सहज जातात. मुदत वर्षाची असेल तर अध्यक्षाने दुसरं काही करायचं नाही, असाच त्याचा अर्थ.

संध्याकाळची बैठक

साडेसहाची वेळ, एखाद्या सभासदाच्याच कारखान्यात. चहा, भजी, दीड तास. विषय एकच, आणि तो वस्तूच्या रूपात टेबलावर ठेवलेला असावा.

पावसाळ्यातल्या अशा एका बैठकीत पंपाच्या केसिंगचं कास्टिंग, म्हणजे ओतलेला भाग, मधून कापून आणलं होतं. कापलेल्या तोंडावर गुळगुळीत भिंतींची गोल पोकळी, वरच्या अंगाला. ब्लो होल, म्हणजे अडकलेल्या वायूने पडलेलं भोक, आहे यावर दुमत नव्हतं, वाद होता तो कारणावर. ग्रीन सँडमध्ये, म्हणजे साच्याच्या ओलसर वाळूत, ओलावा साधारण तीन-चार टक्क्यांच्या आत ठेवायचा असतो. जून-जुलैत नवी वाळू मुळात भिजूनच येते, आणि मिक्सरवरचा माणूस सवयीने उन्हाळ्याएवढंच पाणी सोडतो. जादा पाण्याची वाफ होते, वाळूतून तिला वाट मिळाली नाही की ती धातूत शिरते. कॉलेजचे सर ओलावा मोजायचं यंत्र घेऊन आले होते. तिथल्या जुन्या सुपरवायझरने वाळू मुठीत घट्ट दाबली, गोळ्यावर बोटांचे ठसे उमटले, मग गोळा मधून मोडला आणि कड बघून म्हणाला, "पाणी जास्त हाय सर." यंत्रानेही तेच सांगितलं. पुढचा पाऊण तास दोघांनी मिळून मूठ आणि आकडा ताडून बघितला, आणि बाकीचे खुर्च्या सोडून भोवती उभे. यातलं काहीही कुठल्या कार्यवृत्तात छापलं गेलं नाही. पण पुढच्या महिन्यात आणखी एकाने आपलं वाया गेलेलं कास्टिंग आणायचं कबूल केलं. आपला माल दुसऱ्यापुढे उघडा करायला तयार होणं ही उद्यमबागेत साधी गोष्ट नव्हे. शेजारचाच स्पर्धक असतो.

हे फक्त फाउंड्रीवाल्यांनाच लागू, असं नाही. खानापूरकडे जांभा दगड आणि लाल माती, अथणी-गोकाककडे काळी कापसाची जमीन, म्हणजे पाया कसा घ्यायचा यावर एकाच जिल्ह्यात दोन शास्त्रं. 2019 च्या ऑगस्टमधल्या कृष्णा-घटप्रभा-मलप्रभेच्या पुरानंतर हिडकल धरणावर पाटबंधाऱ्यातल्या निवृत्त साहेबांना घेऊन गेलात, तर ते दरवाजांच्या कामाबद्दल जे बोलतील ते कुठल्या सभागृहात ऐकायला मिळणार नाही. आणि हीच मंडळी परिषदेत "ज्येष्ठ सभासद" म्हणून पहिल्या रांगेत गप्प बसलेली असतात.

बैठकीचे तोटेही आहेत, ते झाकून ठेवत नाही. सगळा भार एका सचिवावर पडतो. तो गावाला गेला की बैठक बुडते, आणि दोनदा बुडाली की सवय मोडते. तेच ते पंचवीस चेहरे येतात. बाहेरचं नवं ज्ञान कमी येतं. कोल्हापूरचा वक्ता 110 किलोमीटरवरून येऊन रात्री परत जाऊ शकतो. बेंगळुरूची वंदे भारत 2025 च्या ऑगस्टपासून बेळगावपर्यंत येते, पण ती पोचते रात्री, त्यामुळे तिकडच्या वक्त्याला मुक्काम करूनच दुसऱ्या दिवशी बोलवावं लागतं.

तारीख

परिषद बेळगावात घ्यायची तर पंचांग आणि राजकारण दोन्ही बघावं लागतं. अभियंता दिन 15 सप्टेंबरला, विश्वेश्वरय्यांच्या जन्मदिवशी, आणि तो बरेचदा गणपतीत सापडतो. 2026 मध्ये चतुर्थी 14 सप्टेंबरला आहे. आदल्या दिवशी घरात गणपती बसलेला माणूस दुसऱ्या दिवशी सेमिनारला येईल ही आशा सोडा. जूनपासून चोर्ल्याच्या घाटात पाऊस, गोव्याचे लोक टाळतात. 1 नोव्हेंबरला राज्योत्सवाची मिरवणूक आणि मराठी भाषकांचा काळा दिन, त्या आठवड्यात बाहेरच्या पाहुण्याला बोलावूच नका. डिसेंबरात सुवर्णसौधात, म्हणजे इथल्या विधानभवनात, अधिवेशन भरलं की मंत्री, अधिकारी आणि मोर्चेकरी मिळून गावातल्या खोल्या संपवतात. मार्चमध्ये कारखानदार आर्थिक वर्ष गुंडाळत असतो. उरतो जानेवारीचा उत्तरार्ध आणि फेब्रुवारी, आणि साधारण त्याच सुमारास फाउंड्रीवाल्यांची देशपातळीवरची इंडियन फाउंड्री काँग्रेस कुठल्या तरी मोठ्या शहरात असते. म्हणजे तुमच्याच प्रायोजकांचा पैसा आणि वेळ तिकडे गेलेला. महिन्याच्या बैठकीला यातलं काही आड येत नाही. एक मंगळवार चुकला तर पुढचा.

भाषा आणि पैसा

परिषदेचं कामकाज इंग्रजीत चालणार हे गृहीत धरा. फलकावर कन्नड मोठं हवं, त्याची काळजी छपाईला देण्याआधीच घ्या, नाहीतर आदल्या रात्री फलक बदलायची वेळ येते. बैठकीत मात्र बोलणं मराठीत सुरू होतं, कन्नडात वळतं, हिंदीत अडतं आणि सगळ्यांना कळतं. शॉप फ्लोअरवरचा माणूस तोंड उघडतो तो इथंच. माझ्या दृष्टीने पारडं फिरवणारा मुद्दा हा एकटाच पुरेसा आहे.

पैशाचं थोडक्यात. समजा 120 प्रतिनिधी धरले तर दोन दुपारची आणि एक रात्रीचं मिळून 360 ताटं होतात. हॉल, प्रवास, मुक्काम, पिशव्या, स्मृतिचिन्हं वेगळी. हे प्रायोजकाशिवाय निघत नाही, आणि प्रायोजक आला की त्याचं अर्ध्या तासाचं "तांत्रिक" भाषणही येतं, म्हणजे जाहिरातच. नोंदणी शुल्क आणि प्रायोजकत्व यावरच्या जीएसटीचा विचार पावतीपुस्तक छापण्याआधी हिशेबनीसाबरोबर करा, कारण शाखेचं खातं बहुधा मुख्यालयाच्या नोंदणीखाली चालतं. बैठकीचा खर्च चहा-भज्यांचा, तो यजमान सभासद आनंदाने करतो.

तिसरी वाट

यावर फारसं कुणी बोलत नाही. दुसऱ्याने भरवलेल्या परिषदेला आपली बस भरून जायचं. जाताना-येताना मिळून पंधरा-वीस तास मालक, सुपरवायझर, प्राध्यापक शेजारी शेजारी बसतात, आणि निपाणीला चहाला थांबेपर्यंत निम्म्यांची नवी ओळख झालेली असते. पुण्यातलं प्रदर्शन असेल तर 2024 च्या सप्टेंबरपासून धावणारी हुबळी-पुणे वंदे भारत आहेच, पण माझा आग्रह बसचाच. रेल्वेत लोक आपापल्या फोनमध्ये जातात. परत आल्यावर पुढच्या बैठकीत जो तो पाच-पाच मिनिटं काय पाहिलं ते सांगेल, एवढी एक अट घाला.

मग ठरवायचं कसं?

शाखेत सध्या तीनशे नावं कागदावर आणि वीस माणसं प्रत्यक्षात असतील, तर पहिलं वर्ष निव्वळ बैठकांना द्या. परिषद घेऊन ती तीनशे जागी होत नाहीत. आणखी दोनशे पाहुणे येतात, जेवतात आणि जातात.

बैठका आधीच नीट चालत असतील, सचिवाच्या हाताखाली दोघे तयार झाले असतील आणि तुमची मुदत दोन वर्षांची असेल, तर दुसऱ्या वर्षाच्या फेब्रुवारीत परिषद जरूर घ्या. पण एक दिवसाची. उद्घाटन वीस मिनिटांत उरका आणि सत्कार जेवणाआधी एकदाच करा. शोधनिबंधांच्या जोडीला एक सत्र वर्षभरात टेबलावर आलेल्या कापलेल्या कास्टिंगचं ठेवा; सुपरवायझरने बोलायचं, प्राध्यापकाने आकडे मांडायचे, भाषा कुठलीही. कॉलेज भागीदार म्हणून घ्या, हॉल आणि परीक्षक दोन्ही मिळतात. मात्र मुलांची संख्या आधी ठरवा आणि तेवढ्याच खुर्च्या मागच्या रांगेत ठेवा.

शाखा नवी असेल, चाळीस-पन्नास सभासदांची, तर कोल्हापूरच्या मंडळींबरोबर मिळून घ्या. एक वर्ष तिकडे, एक वर्ष इकडे. खर्च अर्धा होतो आणि पेटा की फेटा हा वादही आलटून पालटून मिटतो. पत्र पाठवायचं तर जूनच्या आत पाठवा, त्यांचीही कार्यकारिणी तेव्हाच वर्षाच्या तारखा ठरवत असते.