पुण्यातून साप्ताहिक काढताय? प्रेस सेवा पोर्टल कसं आहे

१ मार्च २०२४पासून वृत्तपत्रं-नियतकालिकांच्या नोंदणीचा १८६७चा कायदा जाऊन नवा आला, जिल्हाधिकारी कार्यालयातलं डिक्लरेशनही (प्रकाशनाचं घोषणापत्र) गेलं. शीर्षक आणि नोंदणीचा अर्ज आता एकत्र, प्रेस सेवा या सरकारी पोर्टलवर ऑनलाइन. अडतं ते शीर्षकावर. मराठीत देशभरात कुठेही, किंवा महाराष्ट्रात कोणत्याही भाषेत मिळतंजुळतं नाव दुसऱ्याचं असेल, तर विसरा. ‘पुणे’, ‘समाचार’ जोडून बनलेली नावं बहुधा आधीच गेलेली. पहिल्यांदा नोंदलेल्या शीर्षकांची यादी चाळा. अर्जावरच्या जिल्हा प्रशासनाच्या अभिप्रायाला ६० दिवसांची मुदत आहे, हे उत्तम. मुद्रकानंही आपली माहिती सरकारला फक्त ऑनलाइन कळवायची.

खटकतात त्या नव्या कायद्यातल्या तरतुदी: नोंदी तपासायला अधिकाऱ्यांना आवारात शिरण्याचा अधिकार, आणि ‘राज्याच्या सुरक्षेविरुद्ध काहीही’ केल्याबद्दल दोषी ठरलेल्याला प्रकाशनबंदी. ‘काहीही’ म्हणजे नेमकं काय? टिळकांना १९०८मध्ये राजद्रोहाखाली सहा वर्षं मंडालेला धाडलं, ते ‘केसरी’तल्या लेखांवरूनच.