मांडीला बांधायचा मसल ऑक्सिजन सेन्सर: उन्हाळा-पावसाळा वापरून झाल्यावर

बीडला मी सकाळी पोलीस भरतीची पोरं पळवतो, १६०० मीटरची तयारी, आणि जमेल तेव्हा स्वतः मांजरसुंब्याच्या घाटात सायकल चढवतो. हा सेन्सर घेऊन बरेच महिने झाले, घ्यावा का म्हणून लई जण विचारायलेत, म्हणून सविस्तरच लिहितो.

पहिलं म्हणजे कोरोनात घरोघरी आलेला बोटाचा ऑक्सिमीटर वेगळा आणि हा वेगळा. बोटावरचा फक्त धमनीतल्या रक्तातला ऑक्सिजन सांगतो, पोरगं जीव तोडून पळून आलं तरी तिथं बहुतेक वेळा ९५ च्या वरच दिसतं, मग पाय कशानं भरून आले ते कसं कळणार? हा सेन्सर थेट स्नायूत बघतो. साधारण ७०० ते ९०० नॅनोमीटरचा प्रकाश कातडीतून आत सोडतो आणि थोड्या अंतरावर परत किती आला ते मोजतो. ऑक्सिजन सोडून दिलेलं हिमोग्लोबिन ७६० च्या आसपास जास्त प्रकाश शोषतं, ऑक्सिजनवालं ८५० कडे, त्या फरकावरून किती टक्के हिमोग्लोबिनजवळ ऑक्सिजन आहे ते निघतं. मायोग्लोबिन, म्हणजे स्नायूत ऑक्सिजन धरून ठेवणारं प्रथिन, तेही त्यातच धरलं जातं, ते वेगळं काढता येत नाही. या प्रकाशानं शरीराच्या आतला ऑक्सिजन बघता येतो हे फ्रान्स योब्सिस या शास्त्रज्ञांनी १९७७ सालीच दाखवलं होतं, आता तेच मांडीवर चिकटवून पळता येतं याचं मला खरंच अप्रूप वाटतं.

आता ग्राउंडवरचं. एका पोराला ४०० मीटरचे रिपीट दिले, म्हणजे ४०० पळायचं, थांबायचं, परत ४००, सेन्सर मांडीच्या बाहेरच्या बाजूला. उभं असताना ७० च्या आसपास, पळायला लागला की आकडा झपझप खाली, ३० च्याही खाली गेला, आणि थांबल्यावर वर येताना सुरुवातीपेक्षाही वर गेला, कारण थांबल्यावर रक्त जोरात येत राहतं आणि वापर मात्र कमी झालेला असतो. पहिल्या दोन-तीन रिपला एका मिनिटात भरून यायचं, नंतर मिनिट होऊन गेलं तरी ६० ला अडकलं. पोरगं म्हणतंय "सर, अजून एक मारतो", आणि मांडी सांगतेय की अजून भरलं नाही. मी तिथं थांबवतो. माझ्यासाठी सगळा पैसा या एका गोष्टीत वसूल आहे, दोन रिपच्या मधली विश्रांती घड्याळावर न देता पायावर देता येते.

पण आकड्यावरून पोरापोरांत तुलना करू नका, हे कळकळीनं सांगतो. प्रकाश जेमतेम सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर आत पोचतो, कातडीखाली चरबी जाड असेल तर स्नायूपेक्षा चरबीचंच जास्त मोजलं जातं. कातडीच्या रंगाचाही फरक पडतो. त्याच पोराचा, त्याच पायाचा, त्याच जागेवरचा आकडा आठवड्या-आठवड्याला बघायचा, बस्स. मी जागेवर पेनानं खूण करून ठेवतो.

रक्तप्रवाहाचं विचाराल तर हा सेन्सर तो मोजत नाही, जाहिरातीत काहीही लिहिलेलं असो. एकूण हिमोग्लोबिन कमी-जास्त झालं एवढं दिसतं, म्हणजे तिथं रक्त किती साठलंय. घाटात जड गिअर टाकून दाबत चढलो की ते खाली जाताना दिसतं, स्नायू आवळून रक्त बाहेर पिळतो. खरा प्रवाह काढायला लॅबमध्ये मांडीला बीपीचा पट्टा बांधून शिरा दाबतात, धमनी चालूच ठेवतात, मग रक्त आत येतं पण बाहेर जात नाही आणि ते किती वेगानं साठतं त्यावरून हिशोब करतात. दुसरी पद्धत लेझरची, लाल पेशी हलतात तसा परत आलेला प्रकाश लुकलुकतो, त्यावरून प्रवाहाचा अंदाज घेतात.

आपल्याकडच्या उन्हाचं वेगळंच. एप्रिल-मे मध्ये घामानं टेप सुटतो, आणि गरमीनं कातडीत रक्त वाढलेलं असतं तेही रीडिंगमध्ये येतं, त्यामुळं मेचा आकडा डिसेंबरच्या आकड्याशी लावू नका. थेट ऊन सेन्सरवर पडलं तर ग्राफ वेडावाकडा होतो. वरून काळी घट्ट शॉर्ट घातली की बराच फरक पडतो. केस जास्त असतील तर तेवढी जागा साफ करून घ्या.

एकट्या भरतीवाल्या पोरानं कर्ज काढून घ्यायची ही वस्तू नाही, तेवढ्या पैशात चांगले बूट आणि खुराक येतो. चार-पाच कोच मिळून एक घेतला आणि आलटून-पालटून वापरला तर परवडतो, आमच्याकडं सध्या तसंच चाललंय.