ट्रूकॉलर: नाव दिसतं, पण ते दिलं कोणी?

कर्ज आणि क्रेडिट कार्ड विकणारे फोन रिंग वाजतानाच लाल रंगात दाखवायचं काम ट्रूकॉलर चोख करतं. तेवढ्यासाठी ॲप जरूर ठेवा. पण फोन करणाऱ्याचं जे नाव दिसतं, ते सिमच्या केवायसीतून येत नाही, लोकांनी दिलेल्या माहितीतून येतं. म्हणून नवं सिम कोरं दिसतं, आणि नंबर दुसऱ्याकडे गेला तरी जुन्याच माणसाचं नाव चिकटून राहतं. स्क्रीनवर ‘बँक मॅनेजर’ आलं म्हणून ओटीपी सांगायचा नाही!

अँड्रॉइडवर नाव उमटत नसेल तर सेटिंग्जमध्ये ‘डिफॉल्ट ॲप्स’ उघडून ‘कॉलर आयडी अँड स्पॅम’ला ट्रूकॉलर निवडलंय का ते बघा. बहुतेकदा घोडं तिथेच अडतं.

एसएमएस वाचायची परवानगी मात्र देऊ नये असं आमचं स्पष्ट मत. मेसेज हेडरवरूनच, म्हणजे पाठवणाऱ्याच्या जागी दिसणाऱ्या इंग्रजी अक्षरांवरूनच ओळखता येतो: शेवटी पी म्हणजे जाहिरात, एस सेवा, टी व्यवहार, जी सरकारी. बँकेच्या नावाचा मेसेज साध्या दहा आकडी मोबाइलवरून आला, तर लिंकला हात लावू नका. 140 ने सुरू होणारा कॉल विक्रीचा. संशयित कॉल ‘संचार साथी’ या सरकारी पोर्टलच्या ‘चक्षू’ या तक्रार सुविधेवर नोंदवा, पैसे गेले असतील तर आधी 1930 ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा.