ग्राहक आयोग की मेडिकल कौन्सिल?

ऑपरेशन बिघडलं की घरात पहिला डायलॉग "केस टाकू", पण कुठे टाकायची ते कुणालाच माहीत नसतं. पुढच्या उपचारांचा खर्च, बुडालेला पगार वगैरे भरपाई हवी असेल तर जिल्हा ग्राहक आयोग. 1995 च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालापासून पैसे घेऊन केलेले उपचार म्हणजे सेवाच, म्हणजे पेशंट ग्राहक ठरतो, आणि हॉस्पिटलला दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर तक्रारीची फी शून्य, वकील नसला तरी चालतं. मुदत मात्र 2 वर्षं, आणि "बघू नंतर" करत लोक नेमकी तीच घालवतात. सगळ्यांनाच फुकट उपचार देणाऱ्या सरकारी दवाखान्यावर हा रस्ता चालत नाही.

महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल म्हणजे डॉक्टरांचं रजिस्ट्रेशन करणारी संस्था, तिच्याकडून भरपाई मिळत नाही हां. तिथे डॉक्टरला ताकीद, किंवा रजिस्ट्रेशन काही काळ नाहीतर कायमचं बंद, बस. पण "ह्याने परत कुणाचं असं करू नये" एवढंच हवं असेल तर तेच बरं.

पेपर दोन्हीकडे लागतात. मावशीची फाईल मागायला गेलो तर काउंटरवर नुसती डिस्चार्ज समरी हातात टेकवली, मग लेखी अर्ज देऊन पोच घेतली, नियमाने 72 तासांत केसपेपर द्यावे लागतात. शिवाय दुसऱ्या डॉक्टरचं लेखी मत नसेल तर केस लंगडीच, कारण गुण आला नाही म्हणजे निष्काळजीपणा झाला असं कोणी धरत नाही.